आमची वाटचाल : खोडदच्या अँटेनांपासून भोसरीच्या मोटारींपर्यंत

पीएच.डी.ची सगळी वर्षं मी पल्सार शोधत होते, म्हणजे गरगर फिरत ठरावीक काळाने रेडिओ स्पंदनं पाठवणारे तारे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिथल्या डेटात नवा पल्सार क्वचितच हाती लागतो. दिवस जायचे ते गोंगाट वेगळा काढण्यात. विजेच्या तारा, मोबाइल टॉवर, उपग्रह सगळे त्यात बोलत असतात. पल्सारची स्पंदनं त्याखाली दबलेली, पण ठरावीक काळाने येणारी. फूरिए रूपांतराने (संकेतात कोणत्या वारंवारता आहेत ते दाखवणाऱ्या गणिताने) तो काळ शोधायचा आणि डेटाच्या तेवढ्या लांबीच्या घड्या घालून स्पंदनं एकावर एक रचायची, म्हणजे ती वर येतात.

पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी, परदेशी जाणं घरच्या अडचणींमुळे जमलं नाही. दोन वर्षं डेटा सायन्सची नोकरी केली. जाहिरातींवर कोण क्लिक करेल याचे अंदाज बांधण्यात जीव रमला नाही. मग प्रयोगशाळेतल्या मित्राबरोबर ही कंपनी काढली. काम एकच : कारखान्यांतल्या विजेच्या मोटारींच्या कंपनांवरून बेअरिंग कधी जाणार ते ओळखणं. बेअरिंगला चरा पडला की तोही ठरावीक काळाने ठोके देतो.

पहिलंच मोठं काम आम्ही चुकवलं. १४४० आरपीएमची मोटर. बेअरिंगच्या दोषाची वारंवारता ९८ हर्ट्झच्या आसपास यायला हवी होती आणि आलेखात तिथेच शिखर होतं. कारखानदाराने आमच्या शब्दावर लाइन थांबवली. बेअरिंग उघडलं, तर ते ठणठणीत. ते शिखर १०० हर्ट्झचं होतं, ५० हर्ट्झच्या विजेची दुप्पट. खोडदच्या डेटातून आम्ही हेच डोळे झाकून बाद करायचो. इथे रेकॉर्डिंग पाव सेकंदाचं घेतल्यामुळे ९८ आणि १०० वेगळे दिसणं शक्यच नव्हतं. त्या दिवसाचा मोबदला आम्ही घेतला नाही. तेव्हापासून १० सेकंदांपेक्षा कमी रेकॉर्डिंग आम्ही तपासायला घेत नाही.

संशोधनात शंका असेल तर पुन्हा निरीक्षण मागता येतं. इथे ते कारखानदार म्हणाले होते, "मॅडम, टक्के राहू द्या. मशीन थांबवू का नको, तेवढं सांगा." त्रुटीची मर्यादा लिहायची सवय असलेल्या माणसाला हे उत्तर देणं फार जड जातं. आता अहवालात पहिल्या ओळीत निर्णय असतो, दुसऱ्या ओळीत आमची खात्री किती ते, आणि खात्री नसेल तर पुन्हा मोजायची तारीख.

आज आम्ही सहाजण आहोत, त्यांतले तिघे भौतिकशास्त्राचे. त्या कारखानदारांच्या सगळ्या मोटारींवर आता आमचे सेन्सर आहेत.