एका केबलीत दोन वाटे

सर्व्हर रॅकची खरी अवस्था कळते ती मागच्या बाजूनं. २०१३च्या उन्हाळ्यात वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी रॅकचं मागचं दार उघडायला गेले, तर ते अर्ध्यावरच अडकलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी ही कंपनी, सर्व्हर रूम जुनी. एकेका सर्व्हरला लॅनच्या, म्हणजे कंपनीच्या आतल्या नेटवर्कच्या, चार तांब्याच्या केबली, स्टोरेजकडे, म्हणजे डेटा ठेवणाऱ्या डिस्कांकडे, जाणारी दोन नारिंगी फायबर आणि मॅनेजमेंटची एक. असे सोळा सर्व्हर, म्हणजे ११२ केबली. निम्म्यांना लेबल नाही, काहींची दुसरी टोकं कुठंच जोडलेली नाहीत. मागून निघणारी गरम हवा त्या गुंत्यात कोंडायची आणि फिरून पुढं यायची. ते वर्ष दुष्काळाचं. जायकवाडी तळाला गेलेलं, जालन्याकडे टँकरवर दिवस निघत होते. पाणी वाचवायचं म्हणून कंपनीनं चिलर, म्हणजे पाण्यावर चालणारं कूलिंग, कमी केला होता आणि सर्व्हर रूम दोन स्प्लिट एसींच्या भरवशावर होती. औरंगाबादचा (आताच्या छत्रपती संभाजीनगरचा) मे महिना ज्यानं काढलाय त्याला पुढचं सांगायला नको.

काम होतं ते हा पसारा आवरायचं. लॅन आणि स्टोरेज यांचे वेगवेगळे रस्ते बंद करून दोन्ही एकाच १० गिगाबिटच्या इथरनेट केबलीवरून न्यायचे. प्रत्येक सर्व्हरला ट्विनॅक्स नावाच्या दोन तांब्याच्या केबली, दोन वेगळ्या स्विचना, आणि मॅनेजमेंटची एक. ११२ च्या ४८ होणार होत्या. स्टोरेजची फायबर चॅनेल नावाची भाषा तीच राहते, फक्त तिची चौकट, म्हणजे डेटाचं एकेक पाकीट, इथरनेटच्या चौकटीत बसवून पाठवतात. त्याला एफसीओई म्हणतात. त्याचं प्रमाणक २००९ मध्ये ठरलं. सर्व्हरमध्ये लागतं ते सीएनए कार्ड. ते एकच असतं, पण ऑपरेटिंग सिस्टिमला दोन कार्डं दिसतात: एक नेहमीचं नेटवर्क कार्ड आणि एक स्टोरेजचं एचबीए. त्यामुळे वरच्या सॉफ्टवेअरला काही बदलल्याचं कळतसुद्धा नाही.

कंपनीचं स्टोरेज सांभाळणाऱ्या सरांना हे अजिबात मान्य नव्हतं. गंगापूर तालुक्यातला माणूस, पन्नाशीच्या पुढचा, डेटाबेसच्या डिस्क पोटच्या पोरांसारख्या जपणारा. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "ताई, लॅन म्हणजे भर बाजारातला रस्ता. तिथं दोन-चार पॅकेट पडली तर टीसीपी पुन्हा पाठवतं, कुणाला कळत नाही. माझ्या स्टोरेजला पडलेलं चालत नाही. बाजारातनं माझं सामान कशाला नेताव?"

त्यांचा मुद्दा शंभर टक्के खरा होता, आणि ज्यांनी तो हसण्यावारी नेला त्यांच्याकडे पुढं डेटाबेस आडवे झालेले मी पाहिलेत. फायबर चॅनेलमध्ये समोरच्याकडे जागा आहे हे कळल्याशिवाय पाठवणारा चौकट सोडतच नाही. त्याला बफर क्रेडिट म्हणतात. साध्या इथरनेटमध्ये तसं नाही. गर्दी झाली की स्विच सरळ पॅकेट टाकून देतो. आणि फायबर चॅनेलच्या एका वाचनातली एक चौकट जरी हरवली तरी ती एकटी परत मागवली जात नाही. वरची एससीएसआय आज्ञा, म्हणजे डिस्कला दिलेला वाचायचा-लिहायचा हुकूम, वेळ संपेपर्यंत ताटकळते, मग पूर्ण आज्ञा पहिल्यापासून द्यावी लागते. लिनक्समध्ये हा वेळ मुळात ३० सेकंदांचा असतो. चालत्या डेटाबेसला ३० सेकंद फार झाले.

म्हणूनच या एकत्रीकरणाच्या आधी इथरनेटमध्येच दोन गोष्टी घालाव्या लागल्या. पहिली पीएफसी. केबलीवरच्या रहदारीचे आठ प्राधान्यवर्ग असतात. गर्दी झाली तर त्यातला एकच वर्ग क्षणभर थांबवता येतो, बाकीचे चालू राहतात. स्टोरेजला आपण तिसरा वर्ग देतो आणि सांगतो की हा थांबव, पण टाकू नकोस. दुसरी ईटीएस, म्हणजे केबलीच्या वेगाची वाटणी. आम्ही निम्मी लॅनला, निम्मी स्टोरेजला ठेवली होती.

ही वाटणी सरांना समजावताना मी बरेच तक्ते दाखवले, पण ती त्यांनीच एका वाक्यात सोपी केली. "म्हणजे भावाभावांत विहिरीची पाळी असते तसं. माझ्या पाळीला पाणी माझंच. मी मोटर लावली नाही तर भाऊ लावील, पण मी बटण दाबलं की त्यानं सोडायचं." हौ, अगदी तसंच, असं मी म्हटलं. हिशेबही मांडून दाखवला: त्यांचं जुनं ४ गिगाबिटचं फायबर सेकंदाला साधारण ४०० मेगाबाइट नेत होतं. दहाच्या निम्मे पाच गिगाबिट म्हणजे ६०० च्या आसपास. पाळीतला हक्काचा वाटाच जुन्या अख्ख्या रस्त्यापेक्षा मोठा होता. ते मान हलवत म्हणाले, "कागदावर ठीकच असतंय सगळं."

बदलाचा दिवस कंपनीच्या साप्ताहिक सुट्टीचा ठरला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पाळी आत यायच्या आधी ईआरपी, म्हणजे कंपनीचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर, उभं पाहिजे, एवढी एकच अट. दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. जुन्या केबली काढणं हे नव्या जोडण्यापेक्षा वेळखाऊ निघालं, कारण कोणती कुठं जाते हे हातानं चाचपत शोधावं लागत होतं. सरांनी आधीच बजावलं होतं की नव्या प्रत्येक केबलीला दोन्ही टोकांना लेबल, आणि दोन नव्या स्विचांपैकी 'अ'ची केबल 'ब'च्या स्विचजवळसुद्धा दिसता कामा नये. स्टोरेजच्या बाजूनं हे दोन स्विच एकमेकांना कधीच जोडायचे नसतात; एका बाजूची चूक दुसरीकडे जाऊ नये म्हणून. लॅनच्या बाजूनं मात्र ते जोडलेले असतात. पुढचा प्रकार घडला तो याच फरकाच्या जागी.

संध्याकाळी ईआरपीच्या डेटाबेसचा डेटा जुन्या ॲरेवरून (डिस्कांच्या संचावरून) नव्यावर हलवायला घेतला. लिनक्समधलं पीव्हीमूव्ह लावलं की चालू डिस्कवरचा डेटा तुकड्या-तुकड्यानं दुसऱ्या डिस्कवर जातो. वाचणं जुन्या ॲरेवरून, लिहिणं नव्या ॲरेवर, आणि दोन्ही त्याच ट्विनॅक्सवरून. रॅकमधल्या छोट्या मॉनिटरवर टक्के सरकत होते. सर खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. मधे कँटीनमधून भाकरी, पिठलं आणि ठेचा आला, तो त्यांनी तिथंच बसून खाल्ला.

दरम्यान कंपनीचा नेटवर्क पाहणारा मुलगा नवे स्विच जुन्या कोअर स्विचला, म्हणजे सगळं नेटवर्क जिथं एकत्र येतं त्या मुख्य स्विचला, जोडत होता. 'अ'ची १० गिगाबिटची लिंक आधीच चालू होती. आराखड्याप्रमाणे त्यानं 'ब'ची लिंक लावली आणि काही क्षणांत सर्व्हर रूमचा आवाज बदलला. स्विचवरचे सगळे हिरवे दिवे लुकलुकायचे थांबून एकसारखे पेटल्यासारखे दिसायला लागले. टेबलावरचा आयपी फोन बंद पडला. माझ्या लॅपटॉपवरची पिंग थांबली. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यानं मोबाईलवरून विचारलं की हजेरीचं मशीन का बंद झालं.

वादळ होतं ते ब्रॉडकास्टचं, म्हणजे सगळ्यांना उद्देशून सोडलेल्या पॅकेटांचं. कोअर ते 'अ', 'अ' ते 'ब', 'ब' ते परत कोअर, असा त्रिकोण पुरा झाला होता. असा त्रिकोण स्विचांमधल्या स्पॅनिंग ट्री नावाच्या व्यवस्थेनं ओळखून एक बाजू बंद करायची असते, पण इथं तिनं केली नव्हती. ब्रॉडकास्टचं एक पॅकेट त्या त्रिकोणात गोल फिरत राहतं आणि प्रत्येक फेरीला प्रत्येक पोर्टवर त्याची प्रत निघते. इथरनेटच्या चौकटीत आयपीसारखा टीटीएल, म्हणजे फेऱ्यांची मर्यादा, नसतो, त्यामुळे ते आपण होऊन कधीच मरत नाही. आणि त्रिकोणाच्या तिन्ही बाजू १० गिगाबिटच्या. सर्व्हरकडे जाणाऱ्या प्रत्येक ट्विनॅक्सवर केबल भरेल एवढा कचरा ओतला जात होता. त्याच केबलीवरून सरांचा डेटाबेस येत होता.

सर जागचे उठले नाहीत. मॉनिटरवरची नजर न हटवता त्यांनी एवढंच विचारलं, "काय झालंय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "माझं चालू आहे. वीस सेकंद बघतो."

वीस सेकंद हा आकडा त्यांनी उगाच नव्हता काढला. एफसीओईमध्ये सर्व्हर आणि स्विच यांच्यातलं नातं एफआयपी नावाचा प्रोटोकॉल जपतो. स्विच मुळात दर ८ सेकंदांनी 'मी आहे' असं कळवतो. अडीच वेळा एवढा काळ काहीच आलं नाही, तर सर्व्हर समजतो की रस्ता तुटला, आणि स्टोरेजचं लॉगिन पडतं. बैठकीत मी हे एकदाच बोलले होते. सरांनी वहीत लिहून ठेवलं होतं. ज्या माणसाला या तंत्रज्ञानावर विश्वास नव्हता, त्यानंच ते माझ्याइतकं बारकाईनं वाचलं होतं.

नेटवर्कवरून स्विचमध्ये शिरणं शक्य नव्हतं. निळी कन्सोल केबल थेट 'ब' स्विचला लावली. प्रॉम्प्ट यायला वेळ लागत होता, एकेक अक्षर रांगत उमटत होतं. एका सर्व्हरच्या पोर्टचे आकडे काढले. लॅनच्या वर्गात टाकून दिलेल्या पॅकेटांचा आकडा कोटींत, आणि मी बघत असतानाच वाढतोय. त्याच पोर्टच्या तिसऱ्या वर्गात पॉजच्या ('थांब' सांगणाऱ्या) काही चौकटी, आणि ड्रॉपच्या, म्हणजे टाकून दिलेल्यांच्या, रकान्यात शून्य. मी तीच आज्ञा पुन्हा दिली. लॅनचा आकडा आणखी फुगलेला, तिसऱ्या वर्गाचा रकाना तसाच.

"सर, शून्य," मी म्हणाले.

"टक्का सरकला," ते म्हणाले. "वीस सेकंद होऊन गेले."

मग मुलाला सांगितलं, कोअरच्या बाजूची 'ब'ची लिंक काढ. दोन्ही टोकांना लेबल असल्यामुळे त्याला शोधावं लागलं नाही. केबल निघाली आणि दिवे पुन्हा लुकलुकू लागले. फोन परत आला. पीव्हीमूव्हच्या पडद्यावर मधे काही घडल्याची खूणसुद्धा नव्हती. सर्व्हरचा लॉग उघडला, तर नेटवर्क कार्डाच्या तक्रारींनी भरलेला, पण स्टोरेजच्या बाजूची एकही ओळ नाही. वादळात सर्व्हरच्या प्रोसेसरवरही ताण आलाच होता. पण सीएनए स्टोरेजचं काम स्वतःच्या चिपवर करतं, ते त्या ताणाखाली आलं नाही. हेच सॉफ्टवेअरवर चालणारं एफसीओई असतं, तर मी एवढ्या खात्रीनं काही सांगितलं नसतं.

कारण जुन्या कोअरमध्ये सापडलं. त्या दोन्ही पोर्टांवर बीपीडीयू फिल्टरची ओळ होती. आधी कधी काम केलेल्या कुणीतरी ती घालून ठेवली होती, का ते कुठंच नोंदलेलं नाही. त्या ओळीनं स्पॅनिंग ट्रीचे निरोप गिळले आणि त्रिकोण कुणालाच दिसला नाही. ओळ काढली, लिंक पुन्हा लावली. या वेळी पोर्ट शहाण्यासारखं ब्लॉक होऊन बसलं. जोडीला लॅनच्या पोर्टांवर स्टॉर्म कंट्रोलची मर्यादाही घातली.

पुढं चर्चा झाली ती केबलींवर नाही, माणसांवर. स्विच एकच झाला, तर त्याचा मालक कोण? आतापर्यंत नेटवर्कचा मुलगा आपल्या स्विचवर काहीही करू शकत होता, कारण स्टोरेज दुसऱ्या डब्यात होतं. आता त्याची एक ओळ सरांच्या डिस्कपर्यंत पोचू शकते. या प्रश्नावर अर्धवट उत्तर देऊन निघून गेलेले प्रकल्प मला आजही भेटतात, आणि रॅक कितीही नीटनेटका असला तरी मला ते अपुरे वाटतात. आम्ही स्विचवर दोन भूमिका केल्या. झोनिंग (कोणत्या सर्व्हरला कोणतं स्टोरेज दिसावं ते) आणि स्टोरेजचे पोर्ट फक्त सरांच्या लॉगिननं, व्हीलॅन (लॅनचे आतले विभाग) आणि लॅनचे पोर्ट मुलाच्या. वर्ग आणि वाटणी बदलायची असेल तर दोघांची सही. मुलगा आधी थोडा नाराज झाला. मग त्यालाच उमगलं की रात्री डेटाबेस अडला तर पहिला फोन त्याला येणार नाही.

त्यानंतर तंत्रज्ञान बदललं. एफसीओईनं जेवढी मोठी मजल मारायची म्हणत होते तेवढी मारली नाही. आज बरेच जण साध्या टीसीपी नेटवर्कवरून स्टोरेज नेणाऱ्या आयएससीएसआय किंवा एनव्हीएमई ओव्हर टीसीपीकडे वळलेत, नाहीतर प्रत्येक सर्व्हरमधल्याच डिस्क जोडून हायपरकन्व्हर्ज्ड करतात. पण लॅन आणि स्टोरेज एका केबलीवर आले की कोणाचा वाटा किती आणि गर्दीत कोण थांबणार, हे आजही आधी ठरवावंच लागतं. लातूरला एका कामात २५ गिगाबिटचे स्विच लावताना मी सगळ्यात आधी जुन्या कोअरचं कॉन्फिगरेशन मागितलं आणि ओळन् ओळ वाचून काढलं.

पीव्हीमूव्ह मध्यरात्रीनंतर संपलं. मला वाटलं, आता सर सही करतील. त्यांनी कागद बाजूला सरकवला. "वादळ आपण होऊन आलं ताई, ते काही आपली चाचणी नव्हती. आता मी सांगतो तसं करा." त्यांनी 'अ' स्विचच्या दोन्ही पॉवर केबली काढायला लावल्या, डेटाबेसवर मुद्दाम जड लिहिणं चालू असताना. एक रस्ता पडला की दुसरा धरणाऱ्या मल्टिपाथनं काही सेकंद घेतले आणि सगळं 'ब'वरून वाहायला लागलं. मग 'अ' परत उभा करून, त्याचे रस्ते दिसू लागल्यावर 'ब' पाडला. तेही झालं. मग त्यांनी वहीतली यादी काढून ड्रॉपचे आकडे पुन्हा वाचायला लावले, प्रत्येक सर्व्हरचे, दोन्ही पोर्टांचे. सगळीकडे शून्य लिहून झाल्यावर त्यांनी सही केली, आणि खाली स्वतःच्या हातानं एक अट जोडली: दर वर्षी हीच चाचणी, याच क्रमानं, आणि स्टोरेजवाला हजर असल्याशिवाय नाही.