बीप वाजला होता

त्या सकाळी अकरा वाजेपर्यंत आमच्या चाचणीच्या टेबलावर दोन सर्किट कार्डे जळाली होती आणि तिसऱ्याला हात लावायला आमचा प्रशिक्षणार्थी तयार नव्हता. कार्डे साधीच होती. एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक, त्याच्या अ‍ॅनालॉग इनपुटवर येणारा छोटासा सिग्नल आणि संगणकाला जोडलेली यूएसबी केबल. फंक्शन जनरेटरमधून, म्हणजे चाचणीचा सिग्नल तयार करणाऱ्या उपकरणातून, १ किलोहर्ट्‌झचा, जेमतेम २ व्होल्टचा सिग्नल द्यायचा आणि संगणकाच्या पडद्यावर आकडे पाहायचे, एवढेच काम होते. दोन्ही वेळा जनरेटरची क्लिप लावताक्षणी संगणकाने कार्ड ओळखणे बंद केले. कार्डाचा पुरवठा ३.३ व्होल्टचा असल्यामुळे २ व्होल्टच्या सिग्नलने इनपुट जळण्याचे काही कारण नव्हते, म्हणून सगळ्यांनी कार्डांच्या खेपेला दोष दिला. मीही दिला.

तेवढ्यात तो मुलगा काहीशा संकोचाने म्हणाला, "मॅडम, ऑसिलोस्कोप आणि संगणकाचा डबा यांना एकदम हात लागला की झिणझिण्या येतात. स्टॅटिक असेल असं वाटलं."

स्टॅटिकचा चटका एकदाच बसतो आणि संपतो. हात ठेवलेला असेपर्यंत झिणझिण्या येत राहतात, तेव्हा त्यामागे मेन्सचा, म्हणजे भिंतीतल्या विजेचा, पुरवठा असतो. मी त्याला दोन्ही हात टेबलावरून काढायला सांगितले आणि मल्टिमीटर घेतला. आधी भिंतीवरचे सॉकेट पाहिले. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये २२९ व्होल्ट, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये १ व्होल्टच्या आसपास, म्हणजे भिंतीतले अर्थिंग जागेवर होते. मग मीटरचे एक टोक त्याच अर्थला ठेवून दुसरे ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणाच्या, बीएनसीच्या (केबल जोडायच्या गोल तोंडाच्या) बाहेरच्या धातूच्या कड्याला लावले. मीटरने ११४ व्होल्ट एसी दाखवले. जनरेटरच्या कड्यावरही ११४, पॉवर सप्लायच्या डब्यावरही ११४. टेबलावर एकूण सहा उपकरणे होती आणि सहाही एकाच आकड्यावर होती.

पुरवठ्याच्या बरोबर निम्म्याजवळचा आकडा दिसला की या कामातल्या माणसाला निदान जवळजवळ मिळतेच. अशा उपकरणांच्या वीजप्रवेशापाशी गोंगाट गाळणारा फिल्टर असतो आणि त्यात फेजकडून डब्याला एक व न्यूट्रलकडून डब्याला एक असे दोन छोटे कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे घटक) असतात. डबा अर्थला जोडलेला असेल तर त्यांतून येणारा किरकोळ प्रवाह निमूटपणे जमिनीत जातो. अर्थ तुटला की दोन समान कपॅसिटरांच्या मधोमध लटकलेला डबा आपोआप निम्म्या व्होल्टेजवर जाऊन बसतो.

पण ११४ हा आकडा ऐकून घाबरायचे किती, हे मीटर एकटा सांगत नाही. त्याचा अंतर्गत रोध १० मेगाओम असल्याने अगदी क्षीण स्रोतसुद्धा त्याला दणकट वाटतो. म्हणून मी मीटरच्या टोकांवर १० किलोओमचा रोधक समांतर लावला. वाचन धाडकन १०.४ व्होल्टवर आले. फेज थेट डब्याला टेकली असती तर ते तसूभरही हलले नसते. १०.४ व्होल्ट भागिले १० किलोओम म्हणजे साधारण १ मिलिअँपिअर. माणसाला प्रवाह जाणवू लागतो तो अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास, त्यामुळे त्या मुलाच्या झिणझिण्यांचा हिशेब लागला. यात गंमत अशी की एकेका उपकरणाची गळती, म्हणजे त्याच्या डब्यावर झिरपणारा प्रवाह, ०.२ मिलिअँपिअरच्या आतबाहेर होती. मोजमाप उपकरणांच्या आयईसी ६१०१०-१ या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकात सामान्य स्थितीत हाताला लागणाऱ्या भागातून ०.५ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह चालतो. एकटे उपकरण निर्दोष होते, पण सहांचे डबे एकाच एक्स्टेन्शन बोर्डाच्या अर्थपट्टीने एकमेकांना जोडले गेल्यामुळे सगळ्यांची गळती एकत्र झाली होती. ३० मिलिअँपिअरला पडणाऱ्या गळती-संरक्षक स्विचला याचा पत्ता लागण्याचा प्रश्नच नव्हता.

"पण अर्थिंग मी कालच तपासलं होतं," मुलगा म्हणाला. "बीप वाजला होता." दोन टोके आतून जोडलेली असली की मीटर बीप करतो, ती तपासणी त्याने करून दाखवली. एक्स्टेन्शनच्या पहिल्या सॉकेटच्या अर्थच्या भोकात एक टोक, शेवटच्या सॉकेटच्या भोकात दुसरे, आणि मीटर ठणठणीत वाजला. वाजणारच, कारण सहाही भोकांच्या मागे पितळेची एकच पट्टी आहे. मी मेन बंद करून एक्स्टेन्शनचा थ्री-पिन टॉप भिंतीतून उपसला आणि एक टोक सॉकेटच्या अर्थच्या भोकात ठेवून दुसरे टॉपच्या जाड अर्थ पिनेला लावले. मीटर गप्प. टॉप उघडला तेव्हा हिरवी-पिवळी वायर स्क्रूखालून निसटून अर्धा सेंटिमीटर बाजूला पडलेली दिसली. केबल धरून ठेवणारी पट्टी कधी आवळलेलीच नव्हती आणि तीन वायरींत हिरवी सर्वांत आखूड कापलेली होती, त्यामुळे केबलला ओढ बसताच पहिला बळी तिचा गेला. खरे तर ती सर्वांत लांब ठेवायची असते, म्हणजे ओढ बसली तर आधी फेज सुटते आणि अर्थ सगळ्यांत शेवटी.

टेबलाच्या तपासणीच्या तक्त्यावर महिन्यापूर्वी "अर्थिंग ठीक" असे लिहून खाली मीच सही केली होती. मीही तेव्हा सॉकेट ते सॉकेट बीपच ऐकला होता. हे मी त्याला सांगितले. लपवण्यात अर्थ नव्हता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा अपराधीपणाही मला पाहवेना.

कार्डे मेली कशी, तेही आता उघड होते. संगणक वेगळ्या सॉकेटवर होता आणि त्याचे अर्थिंग शाबूत होते, म्हणून यूएसबीमुळे कार्डाचे ग्राउंड खऱ्या अर्थला बांधलेले होते. जनरेटर मात्र ११४ व्होल्टवर तरंगत होता, म्हणजे शिखरावर १६० व्होल्टच्या आसपास. मुलाने दोन्ही वेळा लाल, म्हणजे सिग्नलची, क्लिप आधी लावली होती. त्या क्षणी सहाही उपकरणांच्या कपॅसिटरांतला विद्युतभार जनरेटरच्या ५० ओममधून थेट इनपुट पिनेवर ओतला गेला. कपॅसिटर चिमुकले, पण क्षणभराचा प्रवाह तीन अँपिअरपर्यंत जाऊ शकतो आणि त्या पिनेला तो सोसणारा नव्हता. काळी, म्हणजे ग्राउंडची, क्लिप आधी लावली असती तर बारीक ठिणगी उडाली असती आणि कार्डे बहुधा वाचली असती. मग आम्ही तसेच काम करत राहिलो असतो, हेही खरे.

कार्डांपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त लागली. त्या काळात सहांपैकी एखाद्याच्या आत फेज सुटून डब्याला टेकली असती, तर सहाही डबे २३० व्होल्टवर गेले असते आणि एकही फ्यूज उडाला नसता. अर्थ शाबूत असताना असा दोष स्वतःच मोठा प्रवाह खेचून फ्यूज उडवतो. तो नसताना दोष वाट पाहत बसतो.

दुपारी हिरवी वायर लांब सोडून टॉप नव्याने बांधला, पट्टी आवळली आणि या वेळी टॉपच्या पिनेपासून प्रत्येक उपकरणाच्या उघड्या धातूपर्यंत रोध मोजला, केबल हलवत हलवत. सगळे अर्ध्या ओमच्या आत आले. भिंतीत लावून पाहिले, डब्यांवरचे ११४ गायब. एक्स्टेन्शनचा टॉप कपाटामागे जात होता, तो हात पोहोचेल अशा सॉकेटवर आणला, कारण गडबडीत ओढून काढायची वस्तू कपाटामागे असून चालत नाही.

जाता जाता प्रत्येकाच्या मागचा व्होल्टेज सिलेक्टर आणि फ्यूजही पाहिले. जनरेटर जुना होता. त्याचा सिलेक्टर २३० वर बरोबर होता आणि शेजारच्या पाटीवर ११५ व्होल्टसाठी ०.५, तर २३० साठी ०.२५ अँपिअरचा स्लो-ब्लो, म्हणजे सावकाश उडणारा, फ्यूज लिहिला होता. होल्डर फिरवून काढला तर आत ५ अँपिअरचा निघाला. कोणी बसवला, कधी बसवला, कोणालाच सांगता आले नाही. तिसऱ्या कार्डाची चाचणी त्या दिवशी झाली नाही. ०.२५ चा फ्यूज स्टोअरमध्ये नव्हता.