अ‍ॅल्युमिनियमच्या शिडाच्या नौकेची १:१२ प्रतिकृती : कवच तयार, स्थैर्याचा हिशेब बाकी

प्रतिकृतीचे कवच पूर्ण झाले आहे. डेक, म्हणजे वरचे झाकण, मात्र स्थैर्याचा (कललेली नौका पुन्हा सरळ होण्याचा) प्रश्न सुटल्याखेरीज बसवणार नाही. आराखडा माझा असला, तरी वळण ‘ओव्हनी’सारख्या फ्रेंच नौकांचे आहे : लांबी १२ मीटर, वजन १० टन, कोनदार कडांचे कवच आणि वर उचलता येणारा सेंटरबोर्ड, म्हणजे तळातून पाण्यात उतरणारे पाते. १:१२ प्रमाणात लांबी १ मीटर होते आणि वजन, घनाच्या नियमाने, सुमारे ५.८ किलो.

रविवार पेठेतून आणलेला अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा मूळच्या ६ मिलिमीटर प्लेटशी नेमका जुळतो. असा पत्रा एका दिशेने सहज वाकतो, दोन्ही दिशांनी वाकवायचा तर ताणावा लागतो. तांबट आळीतील कारागीर हातोडीने तेही साधतील; परंतु कोनदार कडा ठेवल्यास ती गरजच उरत नाही, आणि मोठ्या नौकांतही हेच कारण असते. इतक्या पातळ पत्र्याला वेल्डिंगने पीळ पडत असल्याने सांधे रिव्हेट व इपॉक्सीने केले.

या जातीच्या नौकेत तोल राखणारे शिसे तळातच, सेंटरबोर्डच्या पेटीभोवती बसवलेले असते आणि सुरुवातीचा ताठपणा, म्हणजे कलण्याला होणारा विरोध, मुख्यतः रुंदीतून येतो. बोर्ड उचलला की उथळ खाडीत शिरता येते, ओहोटीला वाळूवर टेकता येते आणि मागून वारा असताना घर्षणही घटते. त्या बदल्यात वाऱ्याकडे चढताना रुंद, सपाट नाळ (नौकेचे पुढचे टोक) लाटांवर आपटते आणि खोल कीलच्या (तळाला कायमचे पाते असलेल्या) नौकेइतके वाऱ्याच्या दिशेजवळून जाता येत नाही. दूरच्या प्रवासासाठी हा सौदा मला पटतो.

प्रतिकृतीत मात्र अडचण वाऱ्याची आहे, कारण नौका बारा पटींनी लहान केली तरी वारा लहान होत नाही. वाऱ्याचा वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३.५ ने, भागावा लागतो. त्यामुळे खडकवासल्यावरचा १२ नॉटचा वारा या प्रतिकृतीला मूळ नौकेवरच्या जवळजवळ ४२ नॉटच्या वादळासारखा लागेल.

डेकच्या जागी प्लास्टिक ताणून चिकटवले, आतले शिसे पक्के बांधले आणि सोसायटीच्या जलतरण तलावात डोलकाठी पाण्याला टेकवून सोडली. नौका सावकाश सरळ झाली, परंतु १.४ मीटर उंचीच्या टोकाला ४० ग्रॅम टांगताच आडवीच राहिली. शिडे भिजली, तर एवढे वजन सहज भरेल.

म्हणून आतले ८०० ग्रॅम शिसे काढून ते २५ सेंटिमीटर खाली, सुट्या पात्याच्या टोकाशी नेणार आहे. एकूण वजन तेच राहील आणि आडव्या स्थितीत डोलकाठीच्या टोकाला आणखी सुमारे १४० ग्रॅम पेलता येतील. उथळपणाचा गुण पाण्यावर गमवावा लागेल, पण प्रदर्शनात पाते काढून ठेवता येईल. ते बोर्डच्याच पेटीतून दोन बोल्टांनी बसेल. शिशाचा साचा ओतून झाला की हीच चाचणी पुन्हा घेईन आणि मगच डेक चिकटवीन.