मंडळाच्या देखाव्यापासून सिमेंटच्या गावापर्यंत : आमची वाटचाल

आम्ही महामार्गाच्या कडेला जुनं गाव उभं करून देतो. हॉटेलमालक, कृषी पर्यटन केंद्रं, मठ-संस्था, कधी एखादी ग्रामपंचायत हे आमचं गिऱ्हाईक. माणसं आणि बैल सिमेंटचे, घरं जमतील तितकी खरी.

कोल्हापुरात या कामाला माणसं मिळतात. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून इथं पडदा रंगवणारा, सेट ठोकणारा आणि मूर्ती घडवणारा हात बहुतेकदा एकच असतो. आमचीही सुरुवात गणपतीच्या देखाव्यांनी झाली. देखावा दहा दिवस टिकला की पुरे. बांबू, गोणपाट, प्लास्टर ऑफ पॅरिस, वर स्वस्तातला रंग. रस्त्याकडेच्या गावातली मूर्ती बारा महिने उन्हापावसात उभी असते आणि तिच्या पाठीवर रोज पोरं चढतात. देखाव्यातला एकही हिशेब तिथं चालत नाही, फक्त हलत्या देखाव्यांची कला तेवढी पुढं कामाला आली.

गिऱ्हाईक काय मागतं हे मात्र आमच्या हातात नव्हतं. ते ठरवलं कणेरीनं. पुणे-बेंगळुरू महामार्गावर कोल्हापूर सोडून कागलकडे निघालं की गोकुळ शिरगावजवळून आत वळायचं. करवीर तालुक्यातल्या या कणेरी मठाचं सिद्धगिरी ग्रामजीवन म्युझियम पाहिलेला मालक ‘आम्हालाही तसंच’ म्हणत येतो. लोक त्याला सर्रास ‘वॅक्स म्युझियम’ म्हणतात, पण पुतळे सिमेंटचे आहेत. मेण उघड्यावर टिकूच शकत नाही. मधमाशीचं मेण साठ-पासष्ट अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. एप्रिलमधल्या पत्र्याखाली त्याची बोटं वाकायला लागतील. याच महामार्गानं पुढं कर्नाटकात हावेरी जिल्ह्यात शिरलात तर शिग्गाव तालुक्यात गोटगोडीचं उत्सव रॉक गार्डन लागतं, तिथं उत्तर कर्नाटकातलं गाव असंच उभं केलंय. गोव्यात सासष्टीतल्या लोटलीला १९९५ पासून ‘बिग फूट’ आहे: जुनं गोवेकर खेडं, आणि जांभ्या दगडात आडवी कोरलेली चौदा मीटरची संत मीराबाई. नवं गाव काढणाऱ्यानं ही तिन्ही ठिकाणं तिकीट काढून बघावीत, आणि पुतळ्यांच्या पायांकडे, घरांच्या वळचणीखाली, बैलांच्या शिंगांकडे बघावं. पैसे कुठं जातात ते तिथं कळतं.

गिऱ्हाइकाला आमचा पहिला प्रश्न असतो: कोणत्या सालचं गाव? ‘जुनं’ हे उत्तर चालत नाही. छपरावर मंगलोरी कौलं हवीत म्हणता? बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला १८६५ साली. शिवकाळातलं गाव दाखवायचं असेल तर छपराला नळीची कौलं, गवत किंवा मातीचं सपाट धाबं. लोखंडी नांगर हवा? किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर १९०३ चा. त्याआधी लाकडी नांगर आणि त्याला लोखंडी फाळ. डोक्यावर गांधी टोपी घातली की गाव आपोआप १९२० च्या पुढं सरकतं. साल ठरलं की निम्मे वाद मिटतात, कारण भांडी, कपडे, दिवे, सगळं त्यावरून लागतं. आमचा सल्ला साधारण १९३० च्या आसपासचा. त्या काळातली अवजारं अजून अडगळीत सापडतात आणि ती वापरलेल्या घरांतली माणसं चूक दाखवायला हयात आहेत.

चेहरे बघायला शहरातली माणसं येतात. खेड्यातला म्हातारा आधी हात बघतो, मग हातातलं अवजार, मग दोरी कुठं बांधलीय ते. त्याला पटलं तर तो नातवंडांना थांबवून समजावत बसतो, आणि गाव चालतं ते त्याच्या जोरावर. म्हणून आम्ही चेहऱ्यापेक्षा पकडीवर जास्त वेळ घालवतो. नांगरणाऱ्याचा एक हात रुमण्यावर, म्हणजे नांगराच्या मुठीवर हवा. दोन्ही हातांनी धरलं तर कासरा कोण सांभाळणार? कुंभार चाकाशी उकिडवा बसतो, स्टुलावर नाही. न्हावी आणि गिऱ्हाईक समोरासमोर उकिडवे, मधे हत्यारांची धोपटी.

सगळ्यात जास्त चुका मोटेवर होतात, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायच्या चामड्याच्या पखालीवर. मोटेची धाव, म्हणजे बैलांची ये-जा करायची वाट, विहिरीपासून लांब उतरत जाते. बैल उताराला ओढत जातात तेव्हा मोट वर येते, आणि रिकामी मोट खाली सोडताना ते उलट्या पावली चढ चढत मागं येतात. म्हणजे मोट थारोळ्यात, विहिरीकाठच्या हौदात, ओतत असेल तर बैल धावेच्या पार खालच्या टोकाला हवेत आणि नाडा, म्हणजे मोटेचा दोर, ताणलेला हवा. बहुतेक ठिकाणी मोट ओतते आहे आणि बैल विहिरीला शेपूट लावून उभे असतात. याचं कारण जागा. धाव विहिरीतल्या पाण्याच्या खोलीइतकी लांब लागते. तीस फूट खोल विहीर दाखवायची तर तीस फूट धाव हवी, आणि मालक देतो बारा फूट. अशा वेळी विहीरच दहा-अकरा फुटांची उथळ बांधायची. नाड्याचं दुसरं दुखणं असं की दोर उन्हापावसात सैल पडून लोंबतो, आणि लोंबता नाडा म्हणजे मोट रिकामी. दोराच्या पोटात सहा मिलिमीटरची पोलादी तार घालून ती बैलांच्या जुवाकडच्या लपवलेल्या हुकाला ताणून घ्यायची. हुकाजवळ टर्नबकल (तार ताणायचा पिळाचा स्क्रू) ठेवला की वर्षातून एकदा पिळून ताण परत आणता येतो.

एका गोष्टीवर आमचं आणि गिऱ्हाइकांचं नेहमी वाजतं. एकाच पाणवठ्यावर सगळा गाव हसतखेळत पाणी भरतोय, असं दृश्य मागितलं जातं. चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ मधला. त्याच्या आधीचं साल धरून असा पाणवठा करणं म्हणजे सरळ खोटं. बारा बलुतेदार दाखवताना सुतार-लोहार-कुंभार हौसेनं करून घेतात आणि महार, मांग, चांभार एक तर गाळतात, नाही तर नुसते कोपऱ्यात वाकलेले उभे करतात. आम्ही सांगतो: वेस दाखवा, वेशीबाहेरची वस्ती दाखवा, चामडं कमावण्याचं आणि दोर वळण्याचं कसब तितक्याच बारकाईनं दाखवा, आणि पाटीवर साधं खरं लिहा. काही मालक मानतात. जे मानत नाहीत त्यांचा पाणवठा आम्ही करत नाही.

आता पुतळा. उघड्या जागेत हुबेहूब माणसाच्या मापाचा पुतळा खुजा दिसतो, म्हणून उंची पाच-सहा टक्के वाढवतो. सांगाड्याला पाय आणि पाठकण्यात १० किंवा १२ मिलिमीटरची सळई, हातांत ८, छातीच्या कड्यांना ६. पायांतल्या सळया टाचेखाली किमान नऊ इंच सोडायच्या, कारण पुतळा उभा राहतो तो चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये गाडलेल्या या सळयांवर. वर अर्ध्या इंचाची कोंबडीजाळी, दोन थर, बारीक तारेनं ठिकठिकाणी आवळून. जाळी कुठं फुगीर राहिली तर तिथला गिलावा वाजतो आणि पुढच्या उन्हाळ्यात सुटतो.

गिलावा एकास दोन (सिमेंट एक, वाळू दोन), वाळू चाळलेली. पन्नास किलोच्या गोणीला वीस लिटरच्या आसपास पाणी, त्यात वाळूतला ओलावाही धरायचा. गवंडी हमखास जास्त पाणी ओततो, कारण पातळ माल जाळीत सहज शिरतो. पण तेच पाणी उडून गेलं की खांद्यावर आणि पाठीवर केसासारख्या भेगा येतात. पहिला थर जाळीत अंगठ्यानं दाबून भरायचा आणि वर खरवडून ठेवायचा. दुसरा दुसऱ्या दिवशी, पहिला ओलसर असतानाच. एकूण जाडी वीस ते पंचवीस मिलिमीटर, आत पोकळ. काही कारागीर पोकळीत विटांचे तुकडे आणि उरलेला माल कोंबतात. त्यानं वजन वाढतं, आतलं आणि बाहेरचं सिमेंट वेगवेगळ्या वेगानं आकसतं आणि पुतळा कमरेत तडकतो. पोकळ पुतळ्याच्या टाचेजवळ मात्र बोटाएवढं भोक ठेवावंच लागतं. आत ओल धरते, तिला वाट मिळाली नाही की ती चेहऱ्यावरचा रंग आतून ढकलते. गालावर फोड आलेला पुतळा दिसला की आधी टाच बघावी.

पाणी मारणं किमान सात दिवस, फ्लाय अ‍ॅशच्या सिमेंटला दहा. नुसता पाइप फिरवून भागत नाही, ओलं गोणपाट गुंडाळून ठेवायचं. नाक, कान आणि बोटं सगळ्यात आधी वाळतात आणि सगळ्यात आधी तीच तुटतात.

बोटांचं वेगळं सांगायला हवं. बोटाची जाडी सगळी मिळून अठरा-वीस मिलिमीटर; त्यात ६ ची साधी सळई घातली तर तिच्यावर सिमेंट उरतं सहा-सात मिलिमीटर. दोन पावसाळ्यांत पाणी सळईला पोचतं. गंज लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो आणि बोट उभं फुटतं. बोटांत ४ मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची तार घालायची. कोकणातलं काम असेल तर मनगटापासूनच, आणि समुद्राची वाळू कितीही फुकट मिळाली तरी घ्यायची नाही. अवजार मुठीत सिमेंटनं जाम करू नये. मुठीत पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवून त्यातून खरा लाकडी दांडा सरकवायचा आणि आरपार पिन मारायची. दांडा कुजला की बदलता येतो, आणि पिनेमुळं विळा-कोयता कुणाच्या पिशवीत जात नाही.

रंगाची घाई मालकाला असते. ताजं सिमेंट क्षारयुक्त असतं. त्यावर ऑइलपेंट मारला तर त्यातल्या तेलाचा साबण होतो आणि रंग चिकट होऊन सोलतो. अठ्ठावीस दिवस थांबायचं, क्षाररोधक प्रायमर, मग बाहेरच्या भिंतीचा अ‍ॅक्रिलिक. कातडीला चकाकी नको. रंग गडद करायला काळा घातला की माणूस मेल्यासारखा दिसतो. पिवळी माती, तांबडी माती, पांढरा आणि थेंबभर निळा यांतच कातडीच्या सगळ्या छटा निघतात. डोळ्यांची बुबुळं कामाकडे वळवायची. गिऱ्हाईक ‘फोटोकडे बघू दे’ म्हणतं, पण घणाकडे न बघणारा लोहार कुणालाच खरा वाटत नाही.

कपडे उघड्यावर सिमेंटचेच. खरं लुगडं एका उन्हाळ्यात विटतं, पावसाळ्यात बुरशी धरतं, आणि निऱ्यांत गांधीलमाश्या घर करतात. छपराखालच्या दृश्यात खरं कापड चालतं. तिथंही नऊवारी पूर्ण नेसवायची गरज नसते, चौरंगावर बसलेल्या बाईला पाच मीटर पुरतं.

फायबरचे पुतळे आम्ही वरच्या मजल्यासाठी आणि हलत्या कामासाठी करतो. सिमेंटचा माणूस दीडशे किलोच्या घरात जातो, फायबरचा वीस-पंचवीसमध्ये होतो. साच्यात जेलकोट, म्हणजे रेझिनचा बाहेरचा गुळगुळीत थर, मग रेझिनमध्ये भिजवलेली ४५० ग्रॅमची काचमॅट दोन-तीन थर. रेझिन घट्ट करणारा हार्डनर एक ते दोन टक्के. थंडीत वरच्या अंगाला, उन्हाळ्यात खालच्या. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते द्रावण) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळून घ्यायचा, हार्डनर नंतर.

हलत्या दृश्यांत जात्यावरची बाई सगळ्यात लोकप्रिय. मोटारगाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर, सोबत दहा अँपियरचा पुरवठा, आणि जात्याखाली क्रँक. खुंट्यापासून हात निघतो, म्हणून खांदा आणि कोपर दोन्हीकडे सांधा लागतो. खांदा घट्ट ठेवला तर दिवसभर फिरणारा हात कोपरात निखळतो. वेग मिनिटाला वीस फेऱ्यांवर आणायचा, त्यापेक्षा जास्त झाला की बाई दळत नाही, घुसळते. मोटर सतत चालू ठेवू नये. माणूस समोर आल्यावर चालू होणारा सेन्सर बसवला की ती कितीतरी जास्त टिकते.

दृश्याची उघडी बाजू उत्तरेला किंवा पूर्वेला ठेवावी. पश्चिमेला ठेवली तर दुपारचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही आत येतात. वाट सहा फूट रुंद, उतार बारास एक, म्हणजे चाकाची खुर्ची जाते. सारवलेली जमीन दोरीच्या आत आणि चालायची वाट शहाबादी फरशीची. बुटांखाली सारवण आठवडाभरही राहत नाही. आणि पोरांना बसायला एक वेगळा बैल द्यावाच. पाटीनं पोरं थांबत नाहीत. या बैलाच्या शिंगांत १२ ची सळई कवटीतून मानेपर्यंत जोडलेली हवी, पाठ गुळगुळीत आणि रंगाऐवजी रंगीत सिमेंट. बाकीच्या बैलांची शिंगं मग शाबूत राहतात.

अलीकडे आमचं निम्मं काम देखभालीचं आहे. दसऱ्यानंतर मऊ ब्रशनं शेवाळ काढणं, भेगा भरणं, चेहरे आणि हात परत रंगवणं. मे अखेर मोटरी काढून आणणं आणि टाचेची भोकं मोकळी करणं. नव्या गावाची मागणी दिवाळीच्या आत आली तरच पुढच्या उन्हाळी सुट्टीला दार उघडतं: नोव्हेंबर ते जानेवारी सांगाडे आणि सिमेंट, फेब्रुवारीत सुकू द्यायचं, मार्चमध्ये रंग. एप्रिल-मेमध्ये उघड्यावर सिमेंटकाम घेत नाही, जूनपासून बाहेरचा रंग घेत नाही. पावसाळाभर शेडमध्ये फायबरचे साचे आणि जात्याच्या मोटरी चालू असतात.