पाच कोंबड्यांचा पंचनामा

नोव्हेंबर 2024. सकाळी साडेनऊच्या सुमाराला पोलीस दूरक्षेत्रातून हवालदारांचा फोन. "डॉक्टर, पोस्टमार्टेमचं सामान घेऊन या. सहा बॉड्या आहेत."

मी गप्पच झालो.

"कोंबड्या हो! टेम्पोखाली गेल्यात. बाई हलायला तयार नाही. किंमत लिहून द्या, म्हणजे मी मोकळा."

मी मूळचा माणदेशातला. पशुधन विकास अधिकारी म्हणून सिंधुदुर्गात आलो त्याला तेव्हा चौथं वर्ष लागलं होतं. या चार वर्षांत अडलेल्या म्हशी सोडवल्या, बिबट्यानं फाडलेल्या वासरांचे दाखले लिहिले, कोंबड्यांना मानमोडीच्या लशी टोचल्या. पण कोंबडीसाठी पोलिसांनी बोलावलं, असं पहिल्यांदाच होत होतं. बाइकला बॅग अडकवून निघालो. जाताना मनात हसत होतो, हे आधीच कबूल करतो.

दूरक्षेत्राच्या ओट्यावर पोतं अंथरून त्यावर सहा कोंबड्या ओळीनं ठेवल्या होत्या. बाजूला काकी बसलेल्या. पन्नाशीच्या असतील. पदर खोचलेला, चेहरा कोरडा. त्यांच्यापासून चार हात लांब टेम्पोचा ड्रायव्हर, चोवीस-पंचवीसचा पोरगा, मोबाइलमध्ये डोकं घालून उभा. टेम्पोत चिरे भरलेले. आणि कडेला, तंबाखू मळत, काकींच्या समोरच्या घरातले आबा. ते साक्षीदार म्हणून आले होते की मजा बघायला, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

काकींना पाहिलं आणि माझं हसू तिथंच जिरलं. आमच्या खात्याच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) गट वाटपातल्या त्या लाभार्थी होत्या. 25 तलंगा आणि 3 नर, निम्मं अनुदान, निम्मा हिस्सा लाभार्थ्याचा. त्यांच्या परसाची पाहणी मीच केली होती.

"डॉक्टरांनू, सहा लिवा," काकी म्हणाल्या.

मी हातमोजे चढवले. पहिल्या तिन्ही सुधारित गिरिराज जातीच्या होत्या, आमच्याच गटातल्या. छातीचा पिंजरा दबलेला, पंखांखाली रक्त साकळलेलं, एकीचा पाय मुळातून निखळलेला. चौथी गावठी, लालसर, अंगानं हलकी. पाचवा कोंबडा, तांबडा-काळा, मोठ्या तुऱ्याचा. सहावीकडे आलो तर तिच्या डोळ्यांत मुंग्या. मान बाजूला केली, तर दोन्ही बाजूंना दातांची भोकं.

"काकी, ही गाडीखाली नाही मेली."

काकी जराही ओशाळल्या नाहीत. "काल राती बोक्यान धरल्यान. मी बोंब मारलंय तसो टाकून गेलो. सहा सांगलंय तर चाराचे तरी पैशे गावतले."

हवालदार खाकरले. पोरगा तेवढ्यात मोबाइलमधून बाहेर आला आणि "बघा, बघा!" करू लागला. मी सहावी कोंबडी पोत्यावरून उचलून बाजूला ठेवली आणि कागदावर पाच लिहिलं. काकींनी मान डोलावली. भाजी घेताना आपण दोन रुपये कमी सांगून बघतो ना, तितकंच त्यांच्या लेखी ते होतं.

आता प्रकार काय झाला तो सांगतो, कारण तो समजून घेण्यातच माझे दोन तास गेले.

काकींचं घर गावच्या सडकेला लागून. आधी त्या सडकेला इतके खड्डे होते की एस.टी.सुद्धा बैलगाडीच्या चालीनं यायची. उन्हाळ्यात रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला. काम करताना ठेकेदारानं गटार काढायला म्हणून काकींच्या परसाचा चिऱ्यांचा गडगा पाडला आणि पुन्हा घातला नाही. कोंबड्यांना रस्ता थेट मोकळा. त्यात भातकापणी आटपलेली. आबांनी रस्त्याच्या त्यांच्या बाजूच्या अर्ध्या भागात भात वाळत टाकलं होतं, कडेनं दगड लावून. कोकणातच कशाला, घाटावरही हे सगळे करतात. डांबर तापतं, धान्य लवकर वाळतं. पण टेम्पो आला तो उरलेल्या अर्ध्या रस्त्यानं, म्हणजे काकींच्या दाराला घासून. आणि कोंबड्या होत्या भातावर.

आबांना मी म्हटलं, तुम्ही भात घातलं म्हणून कोंबड्या तिकडे गेल्या. आबा शांतपणे म्हणाले, "रस्तो आमच्या जमिनीतसून गेलो. एक पैसो घेवक नाय. चार दिवस भात घातलंय तर काय झाला?" याला उत्तर द्यायला मी कोण?

पोऱ्याचं म्हणणं वेगळंच. "कोंबड्यो भातावर गप खायत होत्यो. हॉर्न मारलंय आणि सगळ्यो धावत माझ्या पुढ्यात! एकदम ब्रेक मारूचो कसो? मागे चिरे. गाडी गेली असती व्हाळात."

हे खोटं नव्हतं. घाबरलेली कोंबडी गाडीपासून लांब पळत नाही, ती घराकडे पळते. घर रस्त्यापलीकडे असलं तर गाडी आडवी आली काय आणि नाही काय, ती पलीकडेच जाणार. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे तिला चहूकडचं दिसतं, पण अंगावर येणाऱ्या गाडीचा वेग तिच्या हिशेबात बसत नाही. गावठी कोंबडी निदान फडफडत उडून कौलावर नाहीतर फांदीवर तरी जाते. गिरिराज वजनाला भारी. ती उडत नाही, धावते. वर्षाला गावठीच्या दुपटीनं अंडी देते म्हणून आम्हीच ती घरोघर पोचवली.

म्हणून गावठी कशी सापडली, याचं मला कोडं पडलं. ते काकींनी सोडवलं. ती चार दिवसांच्या अकरा पिल्लांची आई होती. पिल्लं पाटीखाली झाकून तिला चरायला सोडलं होतं. हॉर्न वाजला तशी ती उडाली नाही, पिल्लांकडे धावली.

मग कायद्याचं सुरू झालं. हवालदार जुने, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि त्यांना कलमं वाचायची हौस. त्यांनी मोटार वाहन कायदा 1988 काढला, कलम 132. वाहनामुळे माणसाला, जनावराला अपघात झाला आणि पोलिसानं सांगितलं तर चालकानं थांबलं पाहिजे. मात्र जनावर म्हणजे काय, ते त्याच कलमात सांगितलंय. हवालदार बोटांवर मोजत वाचू लागले. "घोडा, गुरं, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी, शेळी. संपलं."

"म्हंजे उंट मेलो तर थांबूचा?" आबांनी विचारलं.

"उंट आणा आधी. हत्ती मिळेल दोडामार्गात," हवालदार म्हणाले. दोडामार्गात कर्नाटकातून आलेले रानटी हत्ती गेली वीस वर्षं बागायती तुडवतायत, त्यामुळे हा विनोद तिथं कुणालाच फारसा विनोदी वाटला नाही.

मी म्हटलं, गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आहे की, कोंडवाड्याचा. तो 1871 चा. त्यातही हत्ती आहेत, उंट आहेत, डुकरंसुद्धा आहेत, कोंबडी नाही. म्हणजे आबांचं भात खाल्लं म्हणून तिला कोंडवाड्यात घालता येत नाही आणि टेम्पोनं मारली म्हणून जनावरात धरता येत नाही. उरली भारतीय न्याय संहिता, कलम 325, प्राण्याला मारून आगळीक. जुन्या संहितेत त्यासाठी किमान 10 रुपये किंमत लागायची, आता तीही अट नाही. पण आगळीक म्हटली की हेतू तरी हवा, नाहीतर नुकसान होणार याची जाणीव. पोऱ्यानं मुद्दाम घातली, असं काकीसुद्धा म्हणत नव्हत्या.

"मालमत्तेचं नुकसान म्हणून भरपाई मागता येते," हवालदार म्हणाले. "ओरोसला, मोटार अपघात न्यायाधिकरणात. वकील करा."

काकींनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्यांनी पुस्तकच मिटलं.

मी मधल्या वेळात तिसरी गिरिराज उघडली होती. खरं तर गरज नव्हती, मरण बाहेरूनच स्पष्ट होतं. पण पोस्टमार्टेम म्हटलं तर ते नीट व्हावं. गळ्याजवळची अन्नपिशवी भातानं टच्च भरलेली. गिझार्ड, म्हणजे दाणे दळणारं ते जाड पोट, चिरलं तर आत काळी बारीक खडी, नव्या रस्त्याच्या कडेची. कोंबडीला दात नसतात, दळायला खडे लागतात, आणि ते तिला तिथंच सापडले होते. खाली अंडाशयात पिवळ्या बलकांचा घोस, लिंबाएवढ्यापासून मोहरीच्या दाण्याएवढ्यापर्यंत उतरता. आणि पुढे नळीत कवच धरलेलं एक पुरं अंडं, न फुटलेलं.

काकी उठून जवळ आल्या आणि वाकून बघत राहिल्या. मग एका बोटानं, स्पर्श न करता, बलकं मोजायला लागल्या. सातपर्यंत मोजली. पुढची फार बारीक होती.

"हीय लिवा," त्या म्हणाल्या.

"काकी, त्याला रकाना नाही."

"बचत गटाचो हप्तो ह्याच अंड्यांतसून जाता. म्हयन्याक दोनशे. भाताचे पैशे घोवाच्या खात्यात, काजीचे झिलाच्या. माझी हीच." (घोव म्हणजे नवरा, झील म्हणजे मुलगा.) मग जरा थांबून, "रकानो कोणी केलोहा?"

रकाना माझ्यासारख्याच कुणीतरी केला असणार. पाहणीचा अर्जही मला आठवला. 'परसात मोकळी जागा आहे का?' समोर माझ्या अक्षरात 'होय'. ती मोकळी जागा सडकेच्या पलीकडची काजूची बाग होती. सडक मी पाहिली होती. ओलांडूनच तर गेलो होतो. गडग्यातल्या फटीतून कोंबड्या जातायेतात हेही पाहिलं होतं. पण अर्जात सडकेबद्दल प्रश्न नव्हता, आणि मला दिवसभरात आणखी सहा घरं उरकायची होती. हे मी तिथं बोललो नाही. बोलायला हवं होतं.

किंमत घातली. तीन गिरिराज प्रत्येकी 450, गावठी 500, कोंबडा 800. एकूण 2650. पोरगा उसळला. "रस्तो काय कोंबड्यांसाठी केलो? मी एक पैसो देवचंय नाय. कायद्यात नाय तर नाय!"

काकी त्याच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "कोंब्याचे पैशे नको लिवा. तो राखणीचो होतो."

ओट्यावर एकदम शांतता झाली. घाटावरच्या वाचकासाठी सांगतो. इथं गावाच्या, शेताच्या सीमेवर राखणदार असतो, आणि वर्षातून एकदा त्याला कोंबडा द्यायचा, त्याला राखण देणं म्हणतात. त्यासाठी बोलून ठेवलेला कोंबडा घरात कुणी विकत नाही, कापत नाही. पुढच्याच महिन्यात यांची राखण होती.

पोऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. इतका वेळ हत्ती-उंट ऐकून हसणारा तो, खाली बसला. "कोणाची राखण?" त्यानं विचारलं. काकींनी जागा सांगितली. ती दोन गावांची शीव होती, आणि पलीकडचं गाव याचं.

"खंयचो रे तू? कोणाचो?" काकींनी पहिल्यांदाच त्याला विचारलं. त्यानं सांगितलं. मग त्याची आजी काकींच्या माहेरच्या गावची निघाली. कोकणात अशी ओळख निघाल्यावर तक्रार पुढे सरकत नाही, हे एव्हाना मलाही कळलं होतं. हवालदारांनी पेनाला टोपण लावलं.

ठरलं ते असं: कोंबड्याला कोंबडा, तोही तसाच तांबडा, आठ दिवसांत. बाकीच्या 1850 पैकी 1000 आता, उरलेले शिमग्याला. पोऱ्यानं खिशातून आणि चालकसीटखालून काढून नोटा मोजल्या. ठेकेदार आणि माझं खातं या हिशेबात कुठंच आलं नाही.

आबा हसत उठले, तेवढ्यात काकी म्हणाल्या, "आबानू, गावठी तुमचीच."

आबांना माहीतच नव्हतं. त्यांच्या बायकोनं ती कोंबडी काकींकडे अर्धलीनं दिली होती. सांभाळायची काकींनी, पिल्लं निम्मी-निम्मी. म्हणजे आबांच्या भातावर आलेली, आबांच्याच घरची कोंबडी. अकरा पिल्लांतली साडेपाच त्यांची. आबांनी तंबाखू थुंकली आणि काही न बोलता चालू लागले.

पिल्लांचा प्रश्न राहिलाच होता. चार दिवसांच्या पिल्लांना रात्री ऊब लागते, नाहीतर सकाळपर्यंत निम्मी उरत नाहीत. गिरिराजचा उपयोग नाही, सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. बल्ब लावावा तर विजेचा भरवसा नाही. आबांच्या घरी मात्र एक गावठी अंड्यांवर बसलेली होती, अठरावा दिवस. संध्याकाळी मी पुन्हा गेलो. खरं तर माझं काम संपलं होतं, पण गेलो. वाटेत पाहिलं तर गडग्याच्या भगदाडाला काकींनी मासेमारीची जुनी जाळी बांधली होती.

अंधार पडू दिला. उजेडात कोंबडी परक्या पिल्लांना टोचते; रात्री पोटाखाली सरकवली की सकाळी आपलीच समजते, बहुतेक वेळा तरी. मी बॅटरीवर हात धरून उजेड कमी केला, काकी एकेक पिल्लू ओंजळीतून आत सोडत गेल्या. खुडूक घुर्र करायची, पंख जरा उचलायची, परत बसायची. "धा... अकरा," काकी पुटपुटल्या.

आबांची बायको उंबऱ्यावर दिवा घेऊन उभी होती. म्हणाली, "आता सांभाळूचा माका पडला. म्हंजे अर्धी तुझी."

"अकरांतली अर्धी कशी करतलस?"

"अंडी आसत मगे खाली. एक तरी फुटात."