सायप्रसचे फोटो कुठायत? तुम्ही विचारलंत म्हणून

परवा लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं. त्याआधी मेव्हण्याने एका मुंजीत, पंगतीत, सगळ्यांसमोर विचारलं. आणि आमच्या रविवारच्या पक्षीवाल्या ग्रुपवर तर तो आता जोकच झालाय, कोणी फोटो टाकायला उशीर केला की लगेच, "काय रे, तुझं सायप्रस झालं का?" तर एकदाच काय ते लिहून टाकतो म्हणजे लिफ्टमधून सुखाने जाता येईल.

आधी ते फ्लेमिंगोचं संपवतो. "फ्लेमिंगो तर ऐरोलीच्या खाडीत दिसतात, त्यासाठी सायप्रस कशाला?" अहो, मी फ्लेमिंगो बघायला गेलोच नव्हतो. लार्नाकाचं मिठाचं तळं उन्हाळ्यात आटतं आणि फ्लेमिंगो येतात ते पाऊस पडून पाणी भरल्यावर, साधारण नोव्हेंबरपासून पुढे. आम्ही गेलो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. तळ्याच्या जागी पांढरं कोरडं मैदान, पलीकडे काठावर ती जुनी मशीद आणि खजुराची झाडं, आणि बायको मला विचारतेय की पक्षी कुठायत. ठाण्याला निदान बोटीतून तरी दाखवतात, असं पण म्हणाली.

गेलो होतो ते स्थलांतरासाठी. युरोपातले पक्षी शरद ऋतूत आफ्रिकेकडे निघाले की हे बेट वाटेत पडतं, समुद्र पार करण्याआधीचा थांबा. शिवाय सायप्रस व्हीटियर आणि सायप्रस वॉर्बलर, हे दोन पक्षी जगात दुसरीकडे कुठेच घरटं करत नाहीत. आणि एलेओनोराज फाल्कन. हा ससाणा काय करतो, बाकी सगळ्यांची पिल्लं उडून गेल्यावर, ऐन उन्हाळ्याच्या शेवटी याची पिल्लं अंड्यातून बाहेर येतात, कारण तेव्हाच दमलेले छोटे पक्षी समुद्रावरून जात असतात आणि पिल्लांना खायला आयते मिळतात. लिमासोलच्या पश्चिमेला केन्सिंग्टन क्लिफ म्हणून कडे आहेत तिथे दोन दिवस नुसता बसलो होतो. ते फोटो आहेत. चांगले आहेत. पंजात शिकार घेऊन येणारा ससाणा पण आहे, त्यातल्या शिकारीबद्दल मला तेव्हा काही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही.

मग दाखवले का नाहीत? हेच तर सांगतोय. ससाण्याचे दाखवले तर तुम्ही विचारणार, "आणि पुढचे?" पुढचे म्हणजे सहाव्या दिवसाचे.

शेवटचे तीन दिवस आम्ही बेटाच्या आग्नेय टोकाला होतो, केप ग्रेकोजवळ. लाल मातीचा भाग, बटाट्याची शेती, मधेमधे लिंबाच्या आणि ऑलिव्हच्या बागा. त्या दिवशी गाइड साडेसातला येणार होता. मला पहाटे पाचलाच जाग आली आणि बाल्कनीत आलो तर लांब कुठेतरी ब्लॅककॅप, म्हणजे काळ्या टोपीचा छोटा गाणारा पक्षी, गात होता. अंधारात, ऑक्टोबरमध्ये, न थांबता. आता मी पंधरा वर्षं पक्षी बघतोय, एवढं मला कळायला पाहिजे होतं की वीण संपल्यावर स्थलांतरात असलेला पक्षी असा रात्रभर भर गळ्याने गात नाही. पण मला काय वाटलं, की व्वा, काय नशीब आहे. कॅमेरा घेतला, दीडशे-सहाशेची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लावली आणि आवाजाच्या दिशेने चालत निघालो.

तो स्पीकर होता. रात्री गाणं लावून ठेवतात, वरून जाणारे पक्षी ऐकून खाली उतरतात, आणि खाली एकतर बारीक जाळी लावलेली असते किंवा झाडांमध्ये चिकट लावलेल्या काड्या खोचलेल्या असतात. ब्लॅककॅप हा त्यांचा मुख्य माल. अंबेलोपुलिया म्हणतात, म्हणजे द्राक्षवेलीवरचे पक्षी, आणि अख्खेच्या अख्खे खातात. १९७४ पासून बेकायदा आहे, तरी चोरून चालतं. हे सगळं मी जाण्याआधी वाचलेलं होतं बरं का. माहीत नव्हतं असं नाही. आणि स्पीकर लावून पक्षी बोलावण्याबद्दल मी फार बोलू पण नये, कारण कर्नाळ्याला पावसाळ्याच्या तोंडावर नवरंग पक्ष्यासाठी मी स्वतः ब्लूटूथ स्पीकर झुडपात ठेवलेला आहे. ग्रुपवरच्या दोघांना माहितीये, ते गप्प बसतील कारण स्पीकर त्यांचा होता.

तर उजाडता उजाडता मी एका ऑलिव्हच्या बागेच्या कडेला पोचलो. तोवर गाणं बंद झालेलं. आणि समोर, आठ-दहा फुटांवर, डोळ्याच्या उंचीला ब्लॅककॅपची मादी. मादीची टोपी काळी नसते, तांबूस तपकिरी असते. कोवळं ऊन बरोब्बर तिच्या डोक्यावर. एवढ्या जवळ जाऊन उडत नाहीये! मी गुडघ्यावर बसलो आणि काढत सुटलो.

आता आकडे सांगतो, कारण आकडे खोटं बोलत नाहीत, बोलतो मी. एकूण फ्रेम २१४. पहिलीवरची वेळ ९:२८, शेवटचीवरची ९:३९. (कॅमेऱ्याचं घड्याळ आपल्याच वेळेवर राहिलं होतं, तिथले ६:५८ ते ७:०९ धरा.) म्हणजे अकरा मिनिटं.

ती काडीला चिकटलेली होती. दोन्ही पाय आणि डावा पंख.

मला कधी कळलं? मी स्वतःला, बायकोला, नंतर एक-दोन मित्रांना हेच सांगत आलो की शेवटी शेवटी कळलं, कळल्याबरोबर कॅमेरा खाली ठेवला. लेन्समधून बघताना माणसाचं लक्ष डोळ्यावर असतं, फोकस डोळ्यावर लागला पाहिजे, डोळ्यात उजेडाचा ठिपका आला पाहिजे, बाकी कुठे बघतोय आपण? फोटो काढणाऱ्या कोणालाही विचारा. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघेपर्यंत माझा यावर विश्वास पण होता.

६१व्या फ्रेमपासून अँगल बदललाय. मी दोन पावलं डावीकडे सरकलोय. पहिल्या साठ फ्रेममध्ये पंख विचित्र दिसतोय, काडीला टेकलेला, पिसं ओढली गेलेली. एकसष्टपासून तो पंख अंगाच्या मागे गेलाय आणि काडीचं कापलेलं टोक पानाआड. एकदम स्वच्छ फ्रेम. कोणी बघितलं तर म्हणेल फांदीवर निवांत बसलीये.

उजेडासाठी सरकलो असेन? असू शकतं. ऊन उजवीकडून होतं, डावीकडे सरकल्यावर उजेड काही फार सुधारत नाही, उलट थोडा बिघडतो. मग का सरकलो? हात आणि पाय असं बरंच काही आपसूक करतात, इतक्या वर्षांची सवय असते, नको ते फ्रेमच्या बाहेर ठेवायचं. नाल्याशेजारचं प्लास्टिक, विजेची तार, टॉवर. तशीच ती काडी. पण मग याचा अर्थ डोळ्याला काडी दिसली होती आणि "नको ते" यात तिची गणती पण झाली होती, फक्त मला कोणी कळवलं नव्हतं. हे असं लिहिलं की बरं वाटतं, जणू काही माझ्या आत ऑफिस आहे आणि एका टेबलावरची फाइल दुसऱ्या टेबलावर आलीच नाही. बँकेत बत्तीस वर्षं काढल्यावर ही सबब फार लवकर सुचते.

दीडशेच्या आसपास ती फडफडली. त्या दोन सेकंदांत माझ्या चाळीस फ्रेम आहेत. तेव्हा ती उलटी लटकली. यानंतर तरी मला कळलं नव्हतं असं मी म्हणत नाही. यानंतर अजून वीसेक आहेत.

मग मी कॅमेरा ठेवला आणि तिला सोडवायला गेलो. मुठीत धरली, काय ते वजन, दोन दहाच्या नाण्यांएवढं, आणि दुसऱ्या हाताने काडी ओढली. ओढायची नसते. मला काय माहीत? पण कोणाला तरी फोन करून विचारता आलं असतं, गाइडचा नंबर खिशात होता. मी ओढली. पाय सुटले, पंख सुटला, पिसं काडीवर राहिली. शेपटीची पण, ती कशी चिकटली होती देव जाणे, बहुतेक माझ्याच हातून. ती ओरडली नाही. चोच उघडी ठेवून नुसती बघत होती.

मग फोन केला. गाइड पंधरा मिनिटांत आला, पन्नाशीचा माणूस, आठवडाभर सतत काहीतरी बडबडणारा. तो आला आणि पहिलं त्याने विचारलं, किती वेळ झाला तुला सापडून?

मी म्हणालो, आत्ताच. दोन मिनिटं.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही हे वाचूनच कळेल.

त्याने तिला हातात घेतलं, थुंकी लावून एकेक पीस बोटांनी मोकळं करत बसला. आणि तसं करता करता म्हणाला, फोटो काढलेस का, झाड, काड्या, बाग सगळं येईल असे, आपल्याला कळवायला लागेल, पुरावा पाहिजे. माझ्याकडे २१४ फोटो होते आणि त्यातल्या एकातही बाग नव्हती. सहाशेवर काढलेले, मागे सगळं लोण्यासारखं धूसर. मी "नाही" म्हणालो आणि मोबाइल काढून काड्यांचे काढले. मोजल्या तर एकोणीस भरल्या, नुसत्या त्या एका ओळीत. म्हणून, जे कोणी मला समजूत घालायला म्हणतात की अरे तू एका अर्थी डॉक्युमेंटेशन करत होतास, त्यांनी कृपा करून ते थांबवावं. ही सबब मी तुमच्या आधी वापरून बघितलीये.

तिला त्याने एका दाट झुडपात ठेवलं. ती आत सरकली, उडाली नाही. जगेल का म्हणून विचारलं तर म्हणाला, इथे मांजरं फार आहेत. खरंच आहेत, अख्ख्या बेटावर मांजरंच मांजरं.

परतताना गाडीत तो बोलायला लागला. त्याचे आजोबा काड्या लावायचे. गरिबी होती, मटण सणाला, तेव्हा शरदात येणारे पक्षी म्हणजे फुकटचं मांस. आता गरिबी नाही, आता हॉटेलात चोरून पैसे मोजून खातात. दंडाचं त्याला फार लागलेलं होतं, पन्नास पक्ष्यांपर्यंतचा दंड २००० युरो होता तो २०२० च्या शेवटी २०० वर आणला म्हणे. मी त्याला नागालँडचं सांगितलं, २०१२ ला दोयांग धरणावर अमूर ससाणे हजारोंनी जाळ्यात मारत होते आणि पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी बंद केलं. मोठ्या अभिमानाने सांगितलं. माझे काका नगरकडे लावे पकडून आणायचे आणि आम्ही पोरं वाटीत रस्सा मागून घ्यायचो, ते नाही सांगितलं.

आणि मग मी विचारलं हा चिकटा कशाचा. तो म्हणाला सीरियन प्लम म्हणून एक झाड असतं, त्याची फळं उकळून करतात. रात्री हॉटेलवर शोधलं. कॉर्डिया. म्हणजे आपलं भोकर हो, तीच जात नसेल तर सख्खी चुलत बहीण. लहानपणी भोकराच्या गराने पतंग चिकटवायचो आम्ही, आजी लोणच्यासाठी बिया काढायची तेव्हा काडीला मीठ लावून काढायची, नाहीतर हात सुटत नाहीत. सकाळी ती काडी धरली तेव्हा बोटांना काहीतरी ओळखीचं लागलं होतं. बोटं धुवायला मला दोनदा साबण लागला आणि त्या रात्री जेवताना पण बोटं एकमेकांना चिकटतायत असं वाटत होतं, बायको म्हणाली, सारखे हात काय चोळताय.

तर हे असं आहे. यावर मला उपदेश नकोय, आणि "जाऊ दे, होतं असं" पण नकोय. मी फोटोग्राफी सोडलेली नाही, मागच्याच रविवारी भिगवणला होतो. त्या बेटावर जाऊ नका असंही म्हणत नाही, जरूर जा, वॉर्बलर बघा, ते कडे बघा. फक्त माझ्याकडे सायप्रसचे फोटो मागितले की तुम्ही नक्की काय मागताय ते आता तुम्हाला माहितीये.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी गणपतीत स्लाइड शो ठेवायला सांगितलाय. दोन वर्षं टाळलं, यंदा हो म्हणालो. काल रात्री बसून निवडले, ससाण्याचे अठरा, व्हीटियरचे पाच, बायकोचा कोरड्या तळ्यात वैतागून उभी असलेला एक. आणि फ्रेम क्रमांक ८८. डोकं किंचित वळलेलं, डोळ्यात ठिपका, छातीवरचं एकेक पीस मोजून घ्या. मी आयुष्यात याच्याहून चांगला फोटो काढलेला नाही, हे मी नाही, कोणीही बघणारा सांगेल. काडी फांदीसारखीच दिसते. पेनड्राइव्हमध्ये घेतला, काढला, परत घेतला. आत्ता आहे त्यात.