कुंतीचं कुंपण खालून उघडं पडलं होतं

आमचं कुंतीचं, म्हणजे पांढऱ्या सुवासिक फुलांच्या झुडपाचं, कुंपण लांबून हिरवंगार दिसायचं, पण गुडघ्याखाली नुसत्या काड्या. मांजर आरपार निघून जायचं. पाणी कमी पडत असेल म्हणून मी ते वाढवलं, तर पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. मातीत बोट घातलं तर खाली चिखल! मुळं गुदमरली की त्यांना लोह नीट घेता येत नाही. मग वरची माती वाळल्याशिवाय पाणी द्यायचंच नाही असं ठरवलं, आणि नवी पालवी हिरवी आली. खालच्या काड्या मात्र तशाच.

एकदा फांद्या हाताने बाजूला सारून आत डोकावले. पानांचा थर जेमतेम चार बोटं, त्यामागे अंधार. कितीतरी वर्षं मी मोठ्या कात्रीने फक्त शेंडे सारखे करत आले होते. कापलेल्या प्रत्येक शेंड्याला दोन-तीन धुमारे फुटतात, म्हणून वर छत दाटत गेलं आणि कुंपण वर रुंद, खाली निमुळतं झालं. खालच्या पानांना ऊन मिळणार कुठून?

छाटणी नव्या फुटीच्या तोंडावर केली, तीही एकाच बाजूची. दुसरी बाजू मुद्दाम राखली, कारण झाडाला अन्न करायला पानं लागतातच. हातकात्रीने जाड फांद्या आतून, फाट्यापाशी काढल्या. मग दोरी बांधून उतार धरला: वर दीड फूट, बुडाशी दोन फूट. बुंध्याभोवती शेणखत आणि पालापाचोळा घातला, खोडाला न चिकटवता.

महिनाभर ती बाजू बघवत नव्हती. खरं सांगते, झाड मारलं असंच वाटायचं. एका सकाळी जुन्या, राखाडी फांदीवर तिळाएवढे हिरवे डोळे दिसले आणि मी तिथेच बसून ते मोजत राहिले.

कोवळ्या फुटीवर पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी दिसणारी पांढरी कीड, आला. फांदीवर मुंग्यांची रांग दिसली की पान उलटून बघायचं, एवढं पुरतं. थोडाच होता, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गेला. निंबोळी तेल लागलंच तर संध्याकाळी, आणि फुलं असताना नाही, मधमाश्या येतात.

यंदा दुसरी बाजू छाटली आहे. पहिल्या बाजूला गुडघ्याच्या उंचीवर फुलं आली आहेत, वास घ्यायला वाकावं लागतं.